पहिला उंदीर

शिवरुद्राप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. मग खाली. आणि मग आठवण झालीच तर घरातल्या माणसाकडे. म्युनिसिपालिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर होते ते, पण सगळं सोलापूर त्यांना आप्पाच म्हणायचं. मी नर्स म्हणून कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला केलेला नमस्कारसुद्धा कौलांकडे बघत केलेला. मला वाटलं, माणूस भलताच शिष्ट दिसतोय. नंतर कळलं की कौलांमधून उंदरांची वाट असते आणि आप्पांना पहिली चौकशी तिची करायची असते.

मी जातीची तोंडाळ. नवरा गेल्यावर सासरच्यांशी भांडून नर्सिंग शिकलेली बाई मऊ राहील कशी? त्यामुळे आप्पांचं आणि माझं रोज वाजायचं. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे खरी, पण चांगलं लिहिणार आहे की वाईट, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. इतकी वर्षं लोटली, माझे केस पिकले, तरी त्या हिवाळ्यात जे झालं त्याचा धक्का अंगातून जात नाही. म्हणून आधी माणूस सांगते. बाकीचं मग.

ज्यांनी प्लेग पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. दिवाळी सरली, थंडी पडली की घराघरांत उंदीर मरून पडायला लागायचे. उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसांवर यायच्या आणि आठवडाभरात कुणाच्या तरी जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची. मग माणूस दोन-तीन दिवसांचा सोबती. लस होती, ती टोचायचं काम माझं. पण खरा उपाय एकच. घरात उंदीर पडला की ताबडतोब वर्दी द्यायची आणि सगळ्या गल्लीनं घरं सोडून गावाबाहेर माळावर जायचं. आता वर्दी देणार कोण? ज्यानं दिली त्याच्याच घराची कौलं उतरायची, जमीन उकरायची, आणि वर गल्ली म्हणायची, ह्यांच्यामुळं प्लेग आला. त्यामुळे लोक उंदीर लपवायचे आणि आप्पा ते शोधत फिरायचे.

आप्पांच्या हातात लोखंडी टोकाची काठी असायची. तिनं ते जमीन ठोकायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. पोकळ आवाज आला की म्हणायचे, "घर बोलायलंय, बाई. ऐका की." घरी त्यांचं बोलणं कानडी, विणकरांच्या गल्लीत तेलुगू, मुसलमानांच्या मोहल्ल्यात दखनी, आणि आमच्याशी हे असलं मराठी. चारही भाषांत त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उंदीर लपवायलाय म्हंजे माणूस पुरायलाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकायची. त्यांना राग यायचा नाही. "पाठ झालंय न्हवं? मग झालं," म्हणायचे.

दुपारी कुणाच्याही ओट्यावर बसून फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचे. खाताना पाणी कुणाचंही घेत नसत. आधी विहीर दाखवा, मग तांब्या, असा त्यांचा हट्ट. एका सावकाराच्या घरी चांदीच्या तांब्यातलं पाणी त्यांनी त्याच्यादेखत मोरीत ओतलं होतं, कारण त्याच्या विहिरीपासून संडास नऊ पावलांवर होता. सावकारानं तक्रार केली. आप्पांनी उत्तरात लिहिलं की पावलं माझी आहेत, साहेबांनी येऊन स्वतःची मोजावीत.

मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात ते मला विणकरांच्या गल्लीत घेऊन गेले. स्वैपाकघरात पुरुषमाणसाला जाता यायचं नाही, म्हणून मी. "बाई, तुमी चुलीमागं बघा. पुरुष असला तर उंदीर छपरात कोंबतोय. बाई असली तर चुलीमागं." चुलीमागं काही सापडलं नाही. सापडला तो मागाच्या खड्ड्यात. तिथले माग जमिनीत खड्डा खणून बसवलेले असतात. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी माग चालवतो. त्याच खड्ड्यात, फडक्याखाली, दोन मेलेले उंदीर. आणि वर मागावर अर्धवट विणलेलं लुगडं, आणि मागावर नरसम्मा नावाची विधवा, दोन्ही पाय उंदरांच्या शेजारी सोडून विणत बसलेली.

मी तिला वाट्टेल ते बोलले. ती एकदाही थांबली नाही, धोटा इकडून तिकडे फेकतच राहिली. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "लुगडं काप्पू काय? ताणा काप्पला तर सूत गेला. माळावर माग कुटं लावू? तिकडं खड्डा न्हाय." हा विचार आम्हा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आम्ही बापडे माणसं हलवत होतो, आणि माग तिथंच राहत होता. माग तिथं राहिला की पोटही तिथंच राहिलं. मग लोक उंदीर लपवणार नाहीत तर काय करणार?

आप्पांनी खटला भरला नाही. चिमट्यानं उंदीर काढले, जाळायला दिले, आणि नरसम्माला उठवून स्वतः त्या खड्ड्यात पाय सोडून बसले. बराच वेळ बसले. काठीनं खोली मोजली, रुंदी मोजली. मला म्हणाले, "लई सोपं हाय की हे. माळावर खड्डे खणायचे."

सोपं बोलायला. माळाची जागा म्युनिसिपालिटीची. पत्रे आणि बांबू होते एका मिलच्या आवारात. खणायची ताकद विणकरांकडे. आणि ही तिन्ही माणसं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती. मिलचे मॅनेजर म्हणायचे, हातमागवाल्यांचं आम्हाला काय. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष म्हणायचे, पत्रे कोण देणार ते आधी बोला. विणकरांचे पंच म्हणायचे, सरकारी माणूस माळावर नेतो तो मारायलाच. आप्पा दोन वर्षं ह्या तिघांच्या दारी खेटे घालत होते. शेवटी त्यांनी अध्यक्षांना आणि मॅनेजरांना पाहणीच्या निमित्तानं नरसम्माच्या घरी आणलं.

"साहेब, पाय सोडून बसा की," म्हणाले. अध्यक्ष देहानं भारी. बसले ते बसले, पण उठता येईना. दोन विणकरांनी बगलेत धरून वर ओढलं तेव्हा मॅनेजर तोंड फिरवून हसत होते. मग अध्यक्षांनी हट्टानं त्यांनाही बसवलं. मॅनेजर खड्ड्यात बसल्या बसल्या आप्पांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की तुमच्या मिलमधल्या निम्म्या बाया ह्याच घरांतल्या आहेत, इथं प्लेग आला की तुमची चाकं थांबतात. मॅनेजर हसायचे थांबले. आणि अध्यक्षच म्हणाले, "मग माळावरच असे खड्डे खणले तर?"

आप्पांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "आमच्या ध्यानातच आलं न्हवतं बघा, साहेब." बाहेर आल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. दोन वर्षं तुमच्या तोंडी दुसरं काही नव्हतं आणि आता ध्यानात आलं नव्हतं? म्हणाले, "मोठ्या माणसाला सुचू द्यावं, बाई. मग ते मरत न्हाय."

समिती झाली. मिलचे पत्रे, म्युनिसिपालिटीची जागा, पाण्याची गाडी आणि संडासाचे चर, विणकरांची मेहनत. माळावर चाळीस खोल्यांची ओळ उभी राहायला लागली, आणि प्रत्येक खोलीत मागाचा खड्डा. विणकर दिवसा विणायचे आणि उन्हं कलली की कुदळी घेऊन माळावर यायचे. तिथली जमीन मुरमाड, हाताला फोड यायचे. नरसम्मा आपला खड्डा दुसऱ्या कुणाला खणू देईना. आप्पांना ती ओळ बघताना मी पहिल्यांदा विनाकारण हसताना पाहिलं.

पण खोल्या चाळीस आणि शहर केवढं. आधी कुणाला द्यायच्या? आप्पांनी स्वतः एक कलम लिहिलं आणि समितीकडून मंजूर करून घेतलं. पहिला उंदीर ज्या पेठेत पडेल, पहिली जागा त्या पेठेची. मी म्हटलं, आप्पा, खड्डे विणकरांनी खणले, मग सरळ त्यांचंच नाव का लिहीत नाही?

"त्यांचं नाव लिवलं तर बाकीचे मेंबर सह्या करत न्हाईत. त्यांच्या बी पेठा हायत की. आणि असं बघा, पहिल्याला जागा म्हटलं की उंदीर लपवायचं कारणच न्हाय उरत. उलट पळत येतील." मला पटलं. इतकं पटलं की मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडलेसुद्धा नाही. पाऊल वाकडं पडलं ते इथं, आणि मी शेजारी उभी होते.

आप्पांचं स्वतःचं घर व्यापाऱ्यांच्या पेठेत होतं. वडिलांच्या वेळचं, लहानसं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, एकटेच राहायचे. आजूबाजूला भुसारवाल्यांचे मोठमोठे वाडे, आणि समितीतले दोन मेंबर त्याच गल्लीतले. आप्पांच्या परसाला लागून गौराबाईंचं परस, मधे छातीभर उंचीची भिंत. गौराबाईंची मुलगी गंगू, तिचं लग्न माघात ठरलं होतं. मी गल्लीत लस टोचायला गेले तेव्हा गौराबाईंनी गंगूला टोचू दिलं नाही. दंडाला सूज आलेली सासरच्यांनी बघितली तर काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मी खूप बोलले. गंगू दाराआडून हसत होती.

मार्गशीर्षात, माळावरच्या शेवटच्या खोल्यांवर पत्रे चढायचे राहिले होते तेव्हा, एका बुधवारी नरसम्मा म्युनिसिपालिटीत आली. हातात झाकण लावलेला डबा. सगळ्या कारकुनांच्या मधून चालत आली आणि डबा आप्पांच्या टेबलावर ठेवला. आत मेलेला उंदीर. "पहिला," म्हणाली. आख्ख्या शहरात त्या सालातली ती पहिली वर्दी होती. कारकून खुर्च्यांवर चढले. मी हसत होते आणि डोळ्यांना पाणीही येत होतं, कारण हीच बाई उंदरांच्या शेजारी पाय सोडून बसली होती. मी आप्पांकडे बघितलं. ते वर्दीच्या वहीत लिहीत होते आणि तारीख घालताना दोनदा चुकले. मला वाटलं, आनंदानं.

शनिवारपर्यंत विणकरांची गल्ली रिकामी झाली. ताणे गुंडाळून, माग खांद्यावर घेऊन माणसं माळावर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून मागांचा खटखटाट ऐकू यायला लागला. मी दोन-तीन हिवाळे प्लेगाच्या माळावर फिरले होते. तिथं कण्हणं ऐकलं होतं, रडणं ऐकलं होतं, कामाचा आवाज कधी ऐकला नव्हता. अध्यक्ष येऊन बघून गेले, मॅनेजर येऊन गेले. आप्पा लांब दगडावर बसून होते. भाकरीचं फडकं सोडलेलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी गौराबाईंकडून मला बोलावणं आलं. गंगूला ताप भरला होता. मी पांघरूण काढलं, आणि जांघेत हात लावताच कळलं. गाठ. सुपारीएवढी. पोरगी किंचाळली. गौराबाई माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, घरात उंदीर पडला होता का? त्यांनी मान हलवली. नाही.

मी तशीच आप्पांना शोधत माळावर गेले. डोकं सणकलं होतं माझं. चारचौघांत ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, सगळ्या गावाच्या चुली हुंगत फिरता आणि तुमच्या भिंतीपलीकडच्या पोरीला गाठ येते, तुमच्या गल्लीतून एक वर्दी नाही. कुणीतरी लपवलाय. शोधून काढा त्याला आणि चाबकानं फोडा.

आप्पा दगडावरून उठले नाहीत. म्हणाले, "मी."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, तुम्ही काय?

"सोमवारी सकाळी माझ्या परसात पडला होता. लाकडाशेजारी. मी जाळला. फिनेल ओतलं. वर्दी न्हाय दिली."

मी त्या मुरमावर फतकल मारून बसले. माणूस पुरण्याचं ते त्यांचं वाक्य, माझं पाठ झालेलं, मला त्यांना म्हणून दाखवायचं होतं. त्याआधीच आप्पा बोलले, सावकाश, जमिनीकडे बघत. सोमवारी वर्दी दिली असती तर कलमाप्रमाणे चाळीस खोल्या व्यापाऱ्यांच्या पेठेला. समितीतल्या त्या दोघांनी संध्याकाळच्या आत खड्डे मातीनं बुजवून वर पलंग टाकले असते. "आमच्या गल्लीतल्यांना शेतं हायत, बाई. वस्त्या हायत, पावणे हायत. कुटं बी छप्पर गावंल. ह्यांना कोण हाय? खड्डे ह्यांनी खणले. मी म्हटलं, आठ दिवस. विणकरांच्यात पडतोयच आज-उद्या. ते हितं नीट बसले की गल्लीला सांगतो. उद्या सांगणार होतो."

"उद्या," मी म्हटलं.

गल्ली त्याच संध्याकाळी हलली. सगळे आपापल्या शेतावर गेले, आप्पा म्हणाले होते तसंच, प्रत्येकाला छप्पर मिळालं. गंगू मंगळवारी सकाळी गेली. मी तिच्याजवळ होते. शेवटी शेवटी तिला वाटत होतं की लग्नाची गडबड चालली आहे, आणि ती आईला सारखी विचारत होती की बांगड्या भरल्या का. मी पुष्कळ मरणं पाहिली, पण आप्पांचा मला त्या दिवशी जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. आणि माळावर, त्या चाळीस खोल्यांत, एकालाही गाठ आली नव्हती. हे दोन्ही खरं. मी काय करू ह्याचं? कुणाला विचारू?

आप्पांनी स्वतःविरुद्ध वर्दी लिहिली, खरी तारीख घालून, आणि तिच्याखाली राजीनामा जोडला. अध्यक्षांनी तो कागद फाडायला घेतला होता. म्हणाले, घडलं ते घडलं, कुणाला कळायचं कारण नाही. आप्पांनी कागद त्यांच्या हातातून काढून घेऊन दप्तरात लावायला दिला. मग माझ्याकडे आले. मी बोलत नव्हते त्यांच्याशी.

"गौराबाईंना सांगायचं हाय. एकटी बाई असंल वस्तीवर. तुमी संगं चला. एवढंच." मी गेले. का गेले ते माहीत नाही. कदाचित त्यांना त्या बाईच्या तोंडून शिव्या बसलेल्या मला बघायच्या होत्या.

वस्ती गावापासून कोसभर. टांग्यातून जाताना मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. गौराबाई छपराच्या दारात बसल्या होत्या, हात मांडीवर मोकळे. आम्हाला बघून त्या उठल्या नाहीत की रडल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या. आप्पा उभेच राहिले. टोपी काढून हातात घेतली आणि एका दमात बोलून टाकलं.

"गौराबाई, गेल्या सोमवारी माझ्या परसात उंदीर पडला. मी वर्दी दिली न्हाय. लपवला. त्याच दिवशी सांगितलं असतं तर तुमी सगळी हितं आला असता. गंगू हितं आली असती. ही माझी चूक हाय. तुमी काय म्हणाल ते म्हणा, पोलिसात द्या."

मी गौराबाईंच्या तोंडाकडे बघत होते. लांब शेतात मोट चालली होती तिचा तेवढा आवाज.

"तुमच्यात न्हवता पडला, आप्पा."

"पडला की. मी ह्या हातानं..."

"आमच्यात पडला," गौराबाई म्हणाल्या. "रविवारी. माजघरात. वर्दी द्यायची म्हंजे कौलं उतरायची, गावभर होयाचं. प्लेगाच्या घरची पोरगी म्हणून लगीन मोडलं असतं. म्हणून मी त्यो फडक्यात धरला आन् भित्तीवरनं तुमच्यात टाकला."

आप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली.

"मनात म्हटलं, इन्स्पेक्टरच्या घरात पडला म्हंजे झालं. ते दम न्हाई घ्यायचे. सांच्याला गल्ली हलवतील. आमचं नाव बी यायचं न्हाई आन् पोरगी बी वाचंल." त्या आप्पांकडे बघत नव्हत्या, समोर रानाकडे बघत होत्या. आवाज अगदी साधा होता, भाजीपाल्याचं सांगावं तसा. "मी बोचकी बांधून बसले हुते, आप्पा. सोमवारी. मंगळवारी. बुधवारी. गंगू म्हणायची, आई, कुटं जायचंय? मी म्हणायची, थांब, आप्पा येतील सांगायला."

मी तिथं उभी राहू शकले नाही. टांग्यात येऊन बसले आणि पदर तोंडात कोंबला. थोड्या वेळानं मागं वळून बघितलं. आप्पा गौराबाईंपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले होते. दोघंही समोर रानाकडे बघत होते. टांगेवाल्यानं विचारलं, थांबू का? मी म्हटलं, नको, चल.